वीतभर जागेचे मालक

भिंतीला कान असतात म्हणतात. मी चाळीस वर्षं चिऱ्याच्या भिंती बांधल्या, पण कान असलेली एकही भिंत मला भेटली नाही. उलट मीच भिंतींना कान लावत फिरलो. लोकांच्या माजघरात, न्हाणीघरात, एकदा तर देवघरात मी डोळे मिटून, भिंतीला गाल टेकून उभा राहिलो की घरातली मंडळी गप्प व्हायची. मग कुणीतरी हळूच विचारायचं, "काय म्हणतेय?"

मी सांगायचो, "म्हणत काही नाही, गुणगुणतेय. बऱ्याच आहेत."

बऱ्याच म्हणजे मधमाश्या. मी धंद्याने गवंडी. त्याआधी सतरा वर्षं फौजेत होतो आणि फौजेतून आल्यावर मधमाश्या पाळायला लागलो. या तिन्हींची भेसळ होऊन माझा एक असा उद्योग तयार झाला, की तो रत्नागिरी जिल्ह्यात दुसरं कुणी करत असेल असं मला वाटत नाही. भिंत फोडायची, आतलं मोहोळ जिवंत काढून पेटीत घालायचं आणि भिंत होती तशी बांधून द्यायची. मधपेट्या ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांना भिंत फोडता येते, बांधता येत नाही. गवंडीही पुष्कळ आहेत. ते माशी दिसली की थापी टाकून पळतात.

ज्यांनी आमच्याकडची घरं पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. चिरा म्हणजे जांभ्या दगडाची कापलेली मोठी वीट. तीस-पस्तीस किलो वजन आणि अंगभर भोकं. दोन चिऱ्यांमधला चुन्याचा माल गळला की बोट जाईल एवढी फट पडते. आमच्याकडची सातेरी माशी काळोखात पोळी बांधणारी आहे. पूर्वी ती झाडांच्या ढोलीत राहायची. जुनी झाडं तुटली, ढोल्या गेल्या, मग ती आमच्या भिंतींत राहायला आली. भाडं देत नाही एवढाच लोकांचा तिच्यावर राग.

आता कबुलीजबाब. फौजेतला माणूस म्हटल्यावर लोक धरून चालतात की याला कशाचीच भीती नसणार. मी सफरमैना पलटणीत होतो. पूल बांधायचे, खंदकांच्या भिंती उभ्या करायच्या, बर्फात सिमेंट कालवायचं, हे माझं काम. गोळ्यांचा आवाज ऐकलेला आहे, नाही असं नाही. पण माशी कानाजवळून गेली की माझ्या मानेवरचे केस आजही उभे राहतात. आमच्या घरात माशीला न भिणारं माणूस एकच, ते म्हणजे माझी बायको मालती. लोकांनी मला 'फौजी माशीवाले' असं नाव पाडलं, त्यातला फौजी मी आणि माशीवाली ती. चाळीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नाही. तिनेही सांगितलं नाही, यावरून तिचा स्वभाव समजा.

सुरुवात मात्र वाईट झाली. फौजेतून येऊन मला तीनच महिने झाले होते. एका घराच्या मागच्या भिंतीत मोहोळ निघालं. मालक म्हणाला, "रॉकेल ओत नि लाव काडी." मी ओतलं आणि लावली. आतलं मेण वितळून चिऱ्यावरून खाली ओघळलं. मला वाटलं काम झालं. पण ज्या माश्या बाहेर फुलांवर गेल्या होत्या त्या संध्याकाळी परत यायला लागल्या. त्या काळ्या भोकासमोर नुसत्या घुटमळत होत्या आणि मी तिथेच भोक बुजवत होतो. मालती माझा चहा घेऊन आली होती. ती बराच वेळ बघत उभी राहिली.

"सुट्टीवरून माणसं आली, नि घर जाळलेलं," एवढंच ती म्हणाली. चहा तिथेच ठेवून गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने कुठून तरी बातमी आणली, की तालुक्याला मधमाशीपालनाचं दहा दिवसांचं सरकारी शिक्षण आहे. आम्ही दोघं गेलो. बावीस पुरुष आणि मालती. शिकवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "माशीला कोण कोण भितं? खरं सांगा." मी खरं सांगायला हात वर केला. मालतीने तो खाली ओढला आणि हळूच म्हणाली, "फौजेची अब्रू काढू नका." पण शिकवणाऱ्यांनी हात पाहिला होता. पुढचे दहा दिवस पेटी उघडायची वेळ आली की ते म्हणायचे, "फौजी, या पुढे." शिकलो तो असा.

त्या दहा दिवसांतलं तीन ओळींत सांगतो. माशी चावत नाही, डंख मारते. डंख चिमटीत धरून उपटायचा नाही, नखाने खरवडून काढायचा. आणि मोहोळात सगळं राणीवर असतं. राणी पेटीत गेली की बाकीच्या आपोआप जातात, राणी राहिली की तुम्ही पंधरा हजार माश्या ओंजळींनी भरल्यात तरी त्या परत बाहेर येतात.

राणी शोधायची नजर मालतीची. मी भिंत बघायची, तिने माशी, अशी आमची वाटणी ठरली आणि तशीच राहिली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'एक-दोन गमतीशीर प्रसंग लिहा' असं कळवलं आहे. मी एकच लिहितो, कारण तो संपायलाच बरीच वर्षं लागली.

हेदवीच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण या प्रसंगातले दोघेही दिवाळी अंक वाचतात. एका सकाळी मला तिथून फोन आला.

"मी नाना बोलतोय. निवृत्त शिक्षक. माझ्या पडवीच्या भिंतीत मधमाश्यांनी अतिक्रमण केलेलं आहे. आपण येऊन पाहणी करावी."

येतो म्हणालो. अर्ध्या तासाने दुसरा फोन.

"फौजी काय? भाई बोलतोय. बोटीवर होतो तीस वर्षं, आता घरी असतो. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून मध गळतोय. मुंग्यांची जत्रा भरलीय. मला खात्री आहे, नानाने मुद्दाम आणून बसवल्यान् त्या. लवकर या, आणि बाजूच्या घरात काही बोलू नका."

गाव एकच, आडनाव एकच. मालती म्हणाली, "बरं झालं, एका खेपेत दोन घरं होतील." जयगडला फेरीबोटीत टेम्पो चढवला, तवसाळला उतरलो आणि शोधत गेलो, तर घर एकच. एक आढं, एक कौलांची रांग, पण पायऱ्या दोन, तुळशीवृंदावनं दोन, अंगणात मधोमध कुंपणासारखा चिऱ्यांचा गडगा. एखादा फणस कापून दोन फाका ठेवाव्यात तसं ते घर दिसत होतं. नाना थोरले, भाई धाकटे. वाटणी होऊन अकरा वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बायकांनाही मनाई होती. थोरल्या इंदूवहिनी सकाळी विहिरीवर जायच्या, धाकट्या शैलावहिनी दुपारी.

मी नानांच्या भिंतीवर हातोडीने टकटक केलं. पोकळ. मग अंगणातून वळसा घालून भाईंच्या घरात गेलो, तिथे टकटक केलं. तीही पोकळ. मग बाहेरून घराची लांबी मोजली, आतून दोन्हीकडच्या खोल्या मोजल्या, चिऱ्यांची जाडी वजा केली. तरी वीतभर जास्तच येत होती. मी पुन्हा मोजलं. नाना माझ्यामागे उभे होते.

"आपलं माप बरोबर आहे," ते म्हणाले. "वाटणीच्या वेळी मधली भिंत कुणी बांधायची यावर मतैक्य झालं नाही. मी बांधली तर मी चार बोटं पलीकडे सरकेन असं त्यांना वाटलं. म्हणून मी माझी बांधली."

"आणि त्यांनी?"

"त्यांनी त्यांची."

म्हणजे दोन भिंती, शेजारी शेजारी, आणि मध्ये आढ्यापर्यंत एक वीत मोकळी जागा. पुढच्या बाजूने तिला नानांनी फळी ठोकली होती, मागच्या बाजूने भाईंनी पत्रा. सरहद्दीवर मी अशी जागा पाहिलेली आहे. दोन्ही चौक्या तिच्याकडे डोळे लावून बसतात आणि मध्ये गवत वाढतं, ससे मजेत चरतात. इथे सशांच्या जागी माश्या.

मी सहज विचारलं, "मग ही मधली जागा कुणाची?"

चाळीस वर्षांच्या धंद्यात मी विचारलेला हा सगळ्यात मूर्ख प्रश्न. नाना म्हणाले, "माझी." गडग्यापलीकडून भाई म्हणाले, "फौजी, त्यांना सांगा, झोप काढा." नाना मला म्हणाले, "त्यांना सांगा, माश्या माझ्या पडवीच्या फळीतून ये-जा करतात. म्हणजे वहिवाट माझ्याकडून आहे." भाई म्हणाले, "त्यांना सांगा, मध माझ्या भिंतीतून गळतोय. मालाची डिलिव्हरी माझ्याकडे आहे." दोघांमध्ये चार हातांचं अंतर. दोघांचेही कान शाबूत. मी उगाच मान इकडून तिकडे फिरवत होतो.

सकाळपर्यंत दोघांनाही माश्या नको होत्या. आत सात-आठ किलो मध असेल असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि त्यानंतर माश्या दोघांच्याही घराण्यातल्या झाल्या.

प्रश्न असा की भिंत कुणाची फोडायची. फळी काढून हात आत जात नव्हता, मोहोळ चांगलं सहा फूट आत होतं. नाना म्हणाले भाईंची फोडा, भाई म्हणाले नानाची फोडा. मी कंटाळून टेम्पोकडे निघालो होतो. तेवढ्यात मालती, जी इतका वेळ मागच्या दारी कुठेतरी गेली होती, ती आली आणि म्हणाली, "दोन्ही फोडायला लागतील. समोरासमोर. पोळी दोन्ही भिंतींना चिकटलेली असणार, एका बाजूने कापली तर पिल्लं तुटतील."

हे अर्धं खरं होतं. एका बाजूने जमलं असतं. पण आमच्या ठरलेल्या वाटणीप्रमाणे माशीचा निर्णय तिचा, त्यामुळे मी मान डोलावली. भाऊ दोघंही तयार झाले. नुकसान सारखं होणार असेल तर कुणाची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतले दोन चिरे काढले, मग भाईंच्या भिंतीतले समोरचे दोन. मध्ये सात पोळी एकामागे एक टांगलेली, वर पांढरी, खाली पिवळी, आणि सगळ्यांवर माश्यांचं जिवंत कांबळं. मालतीने नारळाच्या सोडणाचा धूर दिला. धूर दिला की माश्या घाबरून पोटभर मध पितात आणि भरल्या पोटी त्यांना भांडायचा कंटाळा येतो. हे माणसांनाही लागू पडतं का, ते त्या दिवशी पाहायला मिळालं नाही.

नाना एका बाजूला वही घेऊन, भाई दुसऱ्या बाजूला हाताची घडी घालून. दोघांनाही मी कापडाच्या जाळ्या दिल्या होत्या. मालती एकेक पोळं सुरीने सोडवून काढत होती. पिल्लांची पोळी लाकडी चौकटीत बसवून दोऱ्याने बांधायची आणि पेटीत ठेवायची, मधाचा भाग पातेल्यात. जसजशी पोळी निघत गेली तसतसा पडदा विरळ झाला. पाचवं पोळं काढलं तेव्हा नानांना भाईंचं नाक दिसलं. सातवं काढलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांची नजरानजर झाली, मध्ये चिऱ्याच्या दोन चौकटी आणि हजारो माश्या. दोघांनीही एकदमच दुसरीकडे पाहिलं.

मग मधाची वाटणी. नानांनी माझा ओळंबा मागून घेतला आणि जागेची बरोबर मध्यरेषा काढायला लागले. भाई म्हणाले, "त्यांना सांगा, शाळेत भूमितीत नापास होणाऱ्यांनी ओळंबा धरू नये." नाना म्हणाले, "त्यांना सांगा, नापास ते झाले होते." हे चालू असताना मालतीने मध गाळला, एकाच मापाच्या दोन डब्यांत ओतला, एक डबा इंदूवहिनींकडे आणि एक शैलावहिनींकडे देऊन मोकळी झाली. मध्यरेषा निघेपर्यंत पातेलं धुऊनसुद्धा झालं होतं.

पण राणी सापडली नाही. गडबडीत ती आत कुठेतरी सटकली होती. पेटी त्या पोकळीत ठेवली तरी माश्या पेटीत जाईनात, वर आढ्याजवळ घोस करून बसल्या. मालती म्हणाली, "राहायला लागेल. भोकं उघडीच ठेवा. उद्या बघू."

उद्याचे तीन दिवस झाले. आम्ही दुपारी नानांकडे जेवायचो आणि रात्री भाईंकडे. दोघांनीही हट्टाने ठरवलेलं. त्या तीन दिवसांत भिंतीतल्या भोकाचं काय झालं ते मी पायाडावर, म्हणजे बांबूच्या परांचीवर, बसून पाहिलं. पहिल्या दिवशी मालती नानांच्या स्वयंपाकघरातून भोकात तोंड घालून म्हणाली, "शैलावैनी, जरा पाणी द्या ओ तिकडून, धूर गेला डोळ्यात." पाणी आलं. तांब्या परत करताना तो इंदूवहिनींच्या हातून गेला. दुसऱ्या दिवशी इकडून कोवळ्या फणसाची, कुयरीची भाजी गेली, तिकडून वाटी रिकामी कशी द्यायची म्हणून सोलकढी आली. नाना पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. ते पान उलटायचे थांबले, मग पुढचं पान उलटलं. संध्याकाळी मी पाहिलं तर दोन्ही वहिनी आपापल्या भिंतीला खांदा लावून उभ्या होत्या आणि अकरा वर्षांतली बाळंतपणं, दुखणी आणि लग्नं यांची उजळणी चालली होती. माश्या त्यांच्या डोक्यावरून जात-येत होत्या. कुणालाही एकही डंख बसला नाही.

मी मालतीला बाजूला घेऊन विचारलं, "राणी खरंच सापडत नाही, की तू शोधतच नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही भिंतीचं बघा."

चौथ्या दिवशी सकाळी भाई स्वयंपाकघरात चहा पीत उभे होते. अंगात बनियन. एकदम वरचा घोस सुटला आणि माश्या भोकातून भाईंच्या बाजूला बाहेर पडल्या. मी त्यांच्याच बाजूच्या पायाडावरून पाहिलं. भाईंच्या डाव्या खांद्यावर पाच-सहा माश्या बसल्या, मग पन्नास, मग बघता बघता खांद्यापासून कोपरापर्यंत काळी-पिवळी बाही चढली. राणी त्यांच्या बनियनच्या पट्ट्यावर जाऊन बसली होती. माश्यांना राणी सापडल्याचा आनंद, भाईंचा चेहरा चुन्यासारखा. घाबरून त्यांनी एक झटका दिला असता तर माश्यांनी त्यांना फोडून काढलं असतं. मी काहीतरी ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्या तोंडून आवाज फुटेना. कारण सांगितलंच आहे.

आवाज आला तो भोकातून. नानांचा.

"श्री, हलू नकोस."

भाईंचं खरं नाव श्रीधर, हे मला तेव्हा कळलं.

"हलत नाहीये," भाई ओठ न हलवता म्हणाले.

"कप खाली ठेवू नकोस. तसाच धर. श्वास हळू घे. लहानपणी गांधीलमाशी बसली होती मानेवर, तेव्हा काय केलं होतंस?"

"रडलो होतो."

"ते आत्ता नको. त्याच्या आधी काय केलं होतंस?"

"पाढे म्हटले होते. तू म्हणायला लावले होतेस."

"मग म्हण. एकोणतिसाचा."

"एकोणतिसाचा येत नाही मला, नाना."

"माझ्यामागून म्हण."

आणि ते दोघं साठी उलटलेले भाऊ भिंतीच्या भोकातून एकोणतिसाचा पाढा म्हणू लागले. मालती अनवाणी पायांनी शांतपणे आली. तिने चहाच्या कपावरून हात घालून राणी दोन बोटांत अलगद धरली, जाळीच्या छोट्या पिंजरीत घातली आणि पिंजरी पेटीत ठेवली. थोड्या वेळाने माश्या वाट कळल्यासारख्या रांगेने पेटीत उतरायला लागल्या. पाढा सहाव्यांदा चालला होता. शेवटची माशी खांद्यावरून उडाली तेव्हा भाई खाली बसले आणि थंड झालेला चहा एका घोटात प्यायले. डंख शून्य.

मला वाटलं, झालं. आता हे गळ्यात पडणार. नानांनी भोकातून माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "त्यांना सांगा, हे माशीपुरतं होतं."

भाई म्हणाले, "त्यांना सांगा, माहीत आहे."

दुपारी दोघांनीही मला वेगवेगळं बोलावून सांगितलं, भोकं आजच्या आज बंद करा. मी चिरे धुऊन घेतले, सिमेंट कालवलं. मालती आली आणि म्हणाली, "दोन्ही वैनी विचारतायत, चिऱ्याच्या जागी फळ्यांची झडप बसते का." मी म्हटलं, काम सांगणारे मालक वेगळे आहेत. ती म्हणाली, "जेवायला कुणी घातलं चार दिवस?" फौजेत मी एवढं शिकलो होतो, की हुकूम दोन ठिकाणांहून आले तर रसद जिकडून येते तिकडचा पाळावा. मी दोन झडपा बसवल्या, एक नानांच्या भिंतीत आणि एक भाईंच्या, प्रत्येकीला आपापल्या आतून कडी. दोघांना समजावलं की सिमेंटला वारा लागायला हवा, महिनाभर तरी चिरा बसवता येणार नाही. गवंडी म्हणून माझ्या आयुष्यातलं हे एकमेव खोटं, आणि नाना शिक्षक असूनही ते खपलं.

संध्याकाळी पेटीचं दार बंद करून आम्ही निघालो. फेरीबोटीवर टेम्पोतून गुणगुण ऐकू आली तसे आजूबाजूचे लोक हळूहळू दुसऱ्या कठड्याला गेले. मालती पेटीवर हात ठेवून झोपली. बोटीची ती बाजू आम्हाला दोघांना मोकळी मिळाली.

दोन महिन्यांनी भाईंचा फोन आला, की त्यांच्या डब्यातला मध साखरला आणि नानांचा पातळ आहे, म्हणजे वाटणीत मी लबाडी केली. मी विचारलं, डबा कुठे ठेवलाय? फ्रिजमध्ये. मध फ्रिजमध्ये ठेवला की साखरतो, त्यात भेसळ नसते, हे मी हजार गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. भाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग नानाचा कसा पातळ राहिला?" मी विचारलं, "तो पातळ आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?" फोन बंद झाला.

ते मोहोळ आमच्या परसात छान वाढलं. त्याची दोन झाली, चार झाली. मग एका वर्षी शेजारच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत ऐन मोहोरात फवारणी झाली आणि सकाळी चौदा पेट्यांसमोर माश्यांचा सडा पडलेला. बागवाल्याला मी दोष देत नाही, त्याचं वर्ष त्या मोहोरावर होतं. पण फवारणी संध्याकाळी करा, माश्या घरी आल्यावर, एवढं मी त्याला आधीच जाऊन सांगायला हवं होतं. मी भिडेखातर गेलो नाही. मालतीने सगळ्या गोळा करून माडाच्या आळ्यात पुरल्या. आता चार पेट्या आहेत. तो बागवाला हल्ली फवारणीच्या आधी फोन करतो.

गेल्या वर्षी शिमग्यानंतर नानांचा फोन आला. आवाज थकलेला, पण भाषा तीच. "आपण बसवलेल्या झडपांसंबंधी काम आहे. कायमस्वरूपी बंद करावयाच्या आहेत. जुने चिरे आहेत, त्यातला एक फुटलेला आहे. तेवढा एक घेऊन यावा." मला वाईट वाटलं. माझे गुडघे आता पायाड चढत नाहीत, पण म्हटलं शेवटचं म्हणून जाऊ. एक चांगला चिरा टेम्पोत टाकला आणि फेरीने गेलो.

अंगणातला गडगा तसाच होता. पण नानांच्या पडवीत बाकावर नाना आणि भाई शेजारी शेजारी बसले होते. मधे पानाचा डबा.

"या फौजी," भाई म्हणाले. "आता तुम्हीच सोडवा. ह्या दोघी सकाळी सातला झडपा उघडतात, त्या रात्री मालिका संपल्यावर बंद होतात. माझी आमटी करपते."

"माझीही," नाना म्हणाले. "शिवाय इकडचं प्रत्येक वाक्य तिकडे जातं. मी शिंकलो तर तिकडून आल्याचा रस येतो. घरात एकांत म्हणून राहिलेला नाही. आम्ही दोघांनी विचार करून ठरवलेलं आहे."

"दोघांनी?" मी विचारलं.

"एकमताने," नाना म्हणाले.

मी आत डोकावलो. दोन्ही झडपा सताड उघड्या होत्या. भोकाच्या कडेवर शेवग्याच्या शेंगा अर्ध्या मोडलेल्या पडल्या होत्या आणि इंदूवहिनींचं नि शैलावहिनींचं कुणाच्या तरी सुनेबद्दल चाललं होतं. मालती केव्हाच त्यांच्यात जाऊन मिळाली होती.

मी बाहेर येऊन म्हणालो, "मी तयार आहे. चिरा अंगणात उतरवलाय, सिमेंट आणलंय. फक्त आत जाऊन त्यांना सांगा की बंद करतोय."

नाना भाईंकडे बघायला लागले. भाई नानांकडे.

"तू सांग. तू थोरला आहेस."

"तू बोटीवर होतास. वादळं पाहिलेली आहेस."

बराच वेळ कुणीच उठलं नाही. शेवटी नानांनी हाक मारली ती चहासाठी. चहा भाईंच्या घरातून भोकातून आला. तो पिऊन झाल्यावर दोघं भाऊ उठले. त्यांनी दोन टोकांना धरून तो चिरा उचलला आणि एकमेकांना "सांभाळ, बोट चिरडशील" असं सांगत परत माझ्या टेम्पोत चढवला.